वकीलसाहेबांची पाठ

आमच्या दफनभूमीत एकच पुतळा येणाऱ्याकडे पाठ करून उभा आहे. नवखी माणसं म्हणतात, वकील भलताच शिष्ट असणार. छे हो! सगळी करणी आमच्या पाथरवटाची. सांगतोच, सांगितल्याशिवाय मला अन्न पचत नाही.

पाथरवट कबरींचे दगड घडवतो. स्वतः मुखदुर्बळ, पण त्याची हातोडी भारी तोंडाळ. त्या ठकठकीनं डोकं उठतं म्हणून पलीकडच्या मास्तरांनी त्याच्यावर दावाच ठोकला: कारखाना बंद करा. खटला चार वर्षं चालला. पाथरवट दर तारखेला आपल्या वकीलसाहेबांच्या अगदी मागच्या बाकावर, गुडघ्यांवर पांढरे हात ठेवून बसायचा. शेवटी जिंकला.

कोर्टाच्या पायरीवर तो म्हणाला, "साहेब, तुमच्यासाठी काय करू?"

"माझा दगड तू घडव," साहेब हसले, "पण घाई करू नकोस."

साहेबांनी केली थट्टा, यानं ती गाठीला बांधली. नऊ वर्षांनी साहेब गेले. वकील मंडळींनी कबरीवरच्या पुतळ्यासाठी बाहेरचा नामांकित शिल्पकार ठरवला, तर हा साहेबांच्या बायकोच्या दारात उभा. "वहिनी, मी शब्द दिलाय."

वहिनी म्हणाल्या, "घडव. पण हे ओळखू आले पाहिजेत. नाही आले, तर मग त्या शिल्पकारालाच बोलवावं लागेल."

फोटो मिळाला तो साहेबांच्या लग्नातला, गालफडं बसलेल्या तरुण वयाचा. पाथरवटानं तो बाजूला ठेवला आणि आठवणीतून काम सुरू केलं. चार महिने जेवताना बोलला नाही. म्हणजे एरवी बोलायचा अशातला भाग नाही.

वहिनी बघायला आल्या. पाथरवटानं पुतळ्यावरचं फडकं ओढलं.

"अरे बाबा," वहिनी म्हणाल्या, "हे तर न्यायाधीशसाहेब!"

"मी कधीची सांगतेय," पाथरवटाची बायको दारातून म्हणाली, "पण माझं ऐकतंय कोण!"

पाथरवटाच्या तेव्हा कुठं ध्यानात आलं. चार वर्षं वकीलसाहेबांच्या खांद्यावरून त्याला समोर दिसत होतं ते न्यायाधीशांचं तोंड. साहेब मागे वळले असतील फार तर दोनदा. जन्मभर ज्यांच्याशी साहेब भांडले, त्यांचंच डोकं यानं साहेबांच्या धडावर बसवलं होतं!

"चुकलो, वहिनी. त्या शिल्पकाराला बोलवा." त्यानं फडकं पुन्हा वर चढवायला घेतलं. एक टोक मागे अडकलं, ते सोडवायला वहिनी पुतळ्याच्या पाठीशी गेल्या आणि तिथंच थांबल्या.

फायली वाहून वाहून उतरलेला डावा खांदा. कोटाला पाठीवर पडलेली आडवी चुणी. आणि उजव्या बुटातून अर्धी बाहेर आलेली टाच.

"ही टाच तुला कुणी सांगितली?"

"सांगायला कशाला हवं? मुद्दा लंगडा असला की साहेबांची टाच बाहेर यायची. मी तिथूनच ओळखायचो, आज पुढची तारीख मिळणार."

वहिनी आधी हसल्या, मग त्यांनी डोळे पुसले. "माझी भाजी छान झालीय म्हणतानाही टाच बाहेरच असायची."

वकील मंडळी कुरकुरली. लोक चेहरा बघायला येतात, पाठ नव्हे, वगैरे. वहिनींनी एका वाक्यात निकाल दिला: "चेहरा झाडांकडे करा, मला हे असे हवेत."

ते न्यायाधीश आता निवृत्त झालेत. परवा काठी टेकत आले, झाडांच्या बाजूनं वळसा घालून बराच वेळ न्याहाळत राहिले. "नाक बरं जमलंय," म्हणाले आणि गेले.

पुतळ्याच्या पाठीमागे एक बाक आहे. संध्याकाळी एका टोकाला वहिनी बसतात, दुसऱ्या टोकाला पाथरवट, गुडघ्यांवर पांढरे हात ठेवून. वहिनी टाचेकडे बघतात.

"आजही तारीखच वाटतं?"

"तारीखच, वहिनी."