आमचा मेंदूवाला तन्मय

शेजारचा तन्मय डॉक्टरकी शिकायला लागला आणि आमच्या आळीत कोणाला साधं डोकं दुखायची सोय राहिली नाही. कोणी कपाळाला हात लावला की हा मेंदूचं चित्र काढायला बसायचा. मी फारशी बोलत नाही, शाळाही चौथीपर्यंतच. त्यामुळे ऐकायला मी त्याला फार आवडायचे. रविवारी ओटीवर सोनचाफा निवडत बसले की हा समोर हजर.

"काकू, आयुष्य म्हणजे प्रवास. मेंदू त्याचा ड्रायव्हर."

त्याच आठवड्यात हा स्कूटरसकट आमच्या केळीच्या पाटात पडला होता. ड्रायव्हर तेव्हा कुठे होता, ते मी विचारलं नाही.

एकदा त्याच्या आईने बकऱ्याचा भेजा आणला. तव्यावर पडायच्या आधी याने तो ताटात घेतला आणि सुरीने दाखवू लागला, "इथे आठवणी, इथे भीती." जेवताना कोणाच्या घशाखाली घास उतरेना. यानेच सगळा संपवला, भीतीसकट.

मग त्याच्या आजोबांना लकवा झाला. वाचा गेली, एकच शब्द उरला, गाढव. तन्मय लगेच म्हणाला, "बोलणं डाव्या बाजूला असतं काकू, शिव्या उजव्या बाजूला. उजवी शाबूत आहे." जशी काही यानेच राखली होती! पण त्यानंतर दर रविवारी तो आजोबांच्या खाटेशी बसू लागला.

"आजोबा, माझं नाव घ्या. म्हणा, तन्मय."

"गाढव."

"नाही हो. पुन्हा."

"गाढव!"

तोंड पाडून माझ्याकडे यायचा. "मी कोण, तेच त्यांना कळत नाही काकू. एकदा तरी नाव घेतलं असतं तर..."

शिक्षण संपलं आणि नोकरीसाठी लांब विदर्भात जायचं ठरलं. निघायच्या सकाळी रिक्षा दारात उभी, आणि हा मागच्या दारी चपला शोधतोय. आजोबांनी सगळीकडे नजर फिरवली, सुनेचा पदर ओढला आणि काळजीने विचारलं, "गाढव? गाढव?"

"आहे बाबा, आहे. अजून गेला नाही तो," त्याची आई म्हणाली.

तन्मय दारातच थांबला, एक चप्पल हातात. आजोबा दुसऱ्या कोणालाच गाढव म्हणत नाहीत, बाकीच्यांना नुसतं हाताने खुणावतात, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. याला सांगणार कोण? याने दुसऱ्याला बोलू दिलं तर ना.

आजोबांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून तो हमसून रडला. रिक्षावाला हॉर्न वाजवत राहिला. मी चाफ्याची पुडी त्याच्या हातात दिली आणि कशी कोण जाणे, विचारून बसले, "रडणं रे कुठल्या बाजूला असतं?"

जन्मात पहिल्यांदा मी प्रश्न विचारला, आणि मेल्याला उत्तर आलं नाही.