स्क्रीनवरचं नाव
बार्बेक्यूवर कांदा परतल्याचा वास आला की ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगच्या ऑफिसातली ती शुक्रवारची दुपार आठवते. पायथनमधलं डेस्कटॉप ॲप मी एकट्याने लिहिलं होतं. डिझायनर नावाच्या टूलमध्ये मी बनवलेली स्क्रीन वेगळ्या फाइलमध्ये होती. ॲप उघडताना ती लोड व्हायची, त्यामुळे कोडला हात न लावता स्क्रीनवरचा मजकूर बदलता यायचा. ही गंमत मीच हौसेने शेजारी बसणाऱ्या पुण्याच्या मित्राला दाखवली होती. बाहेर सॉसेज भाजत होते, आत सगळ्यांसमोर ॲप उघडलं, आणि खाली माझ्या नावाच्या जागी त्याचं नाव! मी वळून पाहिलं, तर तो मराठीत पुटपुटला, "अरे, तुझ्या कोडला हात तरी लावलाय का मी?" मॅनेजर त्याला शाबासकी देत म्हणाला, "गुड ऑन यू, मेट!" आता मॅनेजर तोच आहे. ॲप अडलं की फोन मात्र मला करतो.