बोर्डात सोळावे आणि आमची टेनिसबाई

अजूनही आठवलं की माझं डोकं फिरतं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. दोहातल्या आमच्या क्लबात मुलांना टेनिस शिकवायला एक जपानी बाई होती. पस्तिशीची, गुडघ्याला कायम पट्टा. कित्येक वर्षं देशोदेशी व्यावसायिक स्पर्धा खेळली आणि गुडघा गेला म्हणून थांबली. आता बॅच टिकली तर नोकरी, आणि नोकरी टिकली तर व्हिसा. माझी लेक तिच्यावर जीव टाकायची. बाईचा हट्ट एकच, खेळ संपला की बॉल मुलांनीच गोळा करायचे.

झालं! आमच्या मराठी मंडळींना ते झोंबलं. "फी भरून पोरांनी हमाली करायची? क्लबात माणसं आहेत की त्याला!" यात सगळ्यांत पुढे गॅस कंपनीतले एक इंजिनिअर. हे गृहस्थ दहावीला बोर्डात सोळावे आलेले. वय पंचेचाळीस, पण कुणाकडेही जेवायला बोलवा, वरणभात वाढेपर्यंत ते बोर्ड निघायचंच.

एका संध्याकाळी त्यांनी सगळ्यांसमोर बाईला इंग्रजीत विचारलं, "मॅडम, तुमचं बेस्ट रँकिंग किती होतं?"

"एकशे ऐंशी," ती सरळ म्हणाली.

हे आमच्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "हात्तिच्या! म्हणजे नापासच की!"

सगळे खिदळले. बाईला शब्द कळला नाही, हसणं कळलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, जगात एकशे ऐंशी! तुम्ही एकदा खुर्चीत बसून पेपर लिहिलात, ते तीस वर्षं पुरवताय. ही दर आठवड्याला नव्या देशात परीक्षा देत होती, तीही अशा गुडघ्याने. लाज वाटते का?"

"अगं, खलास, पुरे आता," नवरा माझी ओढणी ओढत होता. खलास काय खलास!

पुढच्या महिन्यात त्यांनी आणि त्यांच्यामागून बाकीच्यांनीही पोरं काढून घेतली. क्लबाने बॅच बंद केली.

शेवटच्या दिवशी कोर्टवर माझी लेक एकटीच. खेळ संपला तरी मी जाळीबाहेर उभी राहून सोळाव्यांच्या नावाने बोटं मोडत होते. लेक इंग्रजीत ओरडली, "मम्मी, राग नंतर कर. आधी बॉल उचलायला ये."

गेले. बाईचा गुडघा वाकत नव्हता. शेवटचा बॉल तिच्या पायाशी होता. "राहू द्या, मी घेते," मी म्हटलं. तिने मान हलवली, खांबाला धरून हळूहळू खाली वाकली आणि तो स्वतः उचलला.

नापास म्हणे!