हळदीचे तीन ठिपके

आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या काकांइतका भेसळीवर जीव टाकणारा माणूस दिल्लीतल्या अख्ख्या आर. के. पुरममध्ये झाला नाही आणि होणारही नाही. बाजारात एके दिवशी सगळं शुद्ध मिळायला लागलं असतं, तर काकांना करमलं नसतं. सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर खाद्यपदार्थ तपासून ते निवृत्त झाले आणि केंद्र सरकारच्या नोकरीत असलेल्या लेकीच्या क्वार्टरमध्ये काकूंबरोबर राहायला आले, तेव्हा सामानात कपड्यांच्या दोन बॅगा होत्या आणि काचेच्या पट्ट्यांची एक जड पेटी. पेटी उचलणाऱ्या हमालाला त्यांनी तीनदा बजावलं, "भाई, बच्चे की तरह पकड़ो." बॅगांबद्दल काही बोलले नाहीत.

या पट्ट्यांवर काका 'टीएलसी' करायचे, म्हणजे पदार्थातले घटक सुटे करून बघायची तपासणी. सिलिकाची पांढरी पूड पाण्यात कालवून पट्टीवर तिचा पातळ थर द्यायचा, तो वाळवायचा, खालच्या कडेशी पेन्सिलीने हलकी रेघ ओढायची, रेघेवर पदार्थाच्या अर्काचा टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका ठेवायचा आणि पट्टी बरणीत बोटभर द्रावकात उभी करायची. बरणी काकूंच्या लोणच्याची. द्रावक सिलिकातून वर चढत जातो आणि ठिपक्यातले घटक सुटे सुटे होऊन वेगवेगळ्या उंचीवर थांबतात. ते का थांबतात हे मी विचारलं, तेव्हा काकांनी आत काकूंकडे पाहिलं. "हिच्याबरोबर सरोजिनी नगरच्या बाजारात गेलीयस कधी? आम्ही दोघं एकाच टोकाला आत शिरतो. ही प्रत्येक दुकानाला चिकटते, मी कुठेच चिकटत नाही. पलीकडच्या टोकाला मी पोचतो तेव्हा ही अजून तिसऱ्या दुकानात असते. सिलिकाला ज्याची ओढ जास्त, तो मागे राहतो. संपलं!" काकू आतून म्हणाल्या, "आणि पलीकडे पोचून हे करतात काय, तर माझी वाट बघतात."

एकदा मी मदत म्हणून रेघ बॉलपेनने ओढली. द्रावकाबरोबर शाईच वर चढली आणि निळ्या-जांभळ्या पट्ट्यांत फुटली. मी ओशाळले, काका मात्र हरखून म्हणाले, "अगं, तुझं पेनही तपासून झालं!" कॉलनीतल्या लोकांना एवढंच कळलं होतं, की काकांना सिलिका लागते. त्यामुळे नवे बूट घेतले की खोक्यातली सिलिकाची पुडी लोक त्यांना आणून द्यायचे. त्या जाड दाण्यांचा पट्टीसाठी काडीचा उपयोग नव्हता, पण काका प्रत्येक पुडी दोन्ही हातांनी घेत, "अरे वा, थँक्यू" म्हणत आणि डब्यात जपून ठेवत. घरातला ओव्हन पट्ट्या तापवण्यात गुंतलेला असे. काकूंची नानकटाई कायम रांगेत.

कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या लालाजींशी मात्र काकांचं बोलणं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी लालाजींच्या सुट्या तिखटात काकांना रंग सापडला आणि तो त्यांनी भर गिऱ्हाइकांत ओरडून सांगितला. लालाजींनी ते पोतं त्याच दिवशी फेकून दिलं, पण एवढंच म्हणाले, "अंकलजी, कान में बता देते." तेव्हापासून काका लांबच्या बाजारातून सामान आणायचे. काकू दुपारी ते झोपले की गुपचूप लालाजींकडेच जायच्या.

मागच्या पावसाळ्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक व्हिडिओ फिरला: हळद साबणाच्या पाण्यात टाका, लाल झाली तर नकली. एका शेजारणीने लालाजींची हळद टाकली. ती लाल झाली. तेवढ्यात कुणाच्या तरी मुलाला हळदीचं दूध पिऊन उलटी झाल्याचं कळलं, आणि चार दिवसांत दुकान ओस पडलं. लालाजी गल्ल्यामागे हात बांधून बसलेले दिसायचे. मला वाटलं, काका आता म्हणतील, मी सांगत नव्हतो? काकांनी व्हिडिओ पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं, साबणाने कुठलीही हळद लालच होते! कुंकू कसं करतात मग? हळदीत चुना घालूनच ना? उद्या सगळ्यांना माझ्या बाल्कनीत बोलाव."

दहा-बारा जण आले. लालाजी आले नाहीत. काकांनी पट्टीवर तीन ठिपके ठेवले: पहिला काकूंनी सांगलीहून आणलेल्या हळकुंडांच्या घरच्या हळदीचा, दुसरा लालाजींच्या हळदीचा, तिसरा त्याच घरच्या हळदीत मुद्दाम कापडाचा पिवळा रंग मिसळलेला. पट्टी बरणीत गेली, सगळे वाकून बघू लागले, आणि तिन्ही ठिपके एकमेकांत मिसळत नुसते पिवळे ओघळ होऊन वर पळाले. काकांचा चेहरा उतरला. "हवा दमट आहे. सिलिकाने पाणी ओढलं, आता ती कुणाला धरेना. निकाल नाही." कुणीतरी हसलं. साबणात हळद टाकणारी शेजारीण म्हणाली, "अंकल, मान लो ना, नकली है."

"मानता नहीं," काका म्हणाले, "देखता हूँ."

त्यांनी नवी पट्टी ओव्हनमध्ये तापवायला ठेवली. अर्धा तास सगळे काकूंचा चहा पीत बसले. चौघं निघूनही गेली. काका मात्र ओव्हनसमोर स्टुलावर, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसे. ज्याच्याशी दोन वर्षं बोलणं नाही त्याच्यासाठी हा माणूस घामाघूम झालाय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दुसरी पट्टी बरणीत गेली आणि या वेळी द्रावक शहाण्यासारखा सावकाश चढला. घरच्या हळदीतून एकावर एक तीन पिवळे ठिपके सुटले. लालाजींच्या हळदीतूनही तेच तीन, त्याच उंचीवर. रंग मिसळलेल्या ठिपक्यातून तीन वर गेले आणि चौथा खाली रेघेलाच हट्टाने चिकटून राहिला. लालाजींच्या हळदीखाली रेघेवर काहीही नव्हतं. शेजारणीने चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि हळूच म्हणाली, "सॉरी अंकल." "मुझे नहीं," काका म्हणाले, "उनको."

काका ती पट्टी हातात धरून दारोदार फिरले आणि शेवटी दुकानात गेले. मी मागे होतेच. काका म्हणाले, "लालाजी, हल्दी बिल्कुल सही है. मिर्ची में रंग था, वो भी सही था. मगर मैं चिल्लाया, वो गलत था." लालाजींनी आतून खुर्ची आणली, पुसली आणि काकांना बसवलं. पट्टी त्यांनी मागून घेतली आणि देवाच्या तसबिरीशेजारी उभी केली. पुढे उजेडाने ठिपके उडत गेले. काका म्हणाले, नवी करून देतो. लालाजी म्हणाले, "रहने दीजिए अंकलजी, हमें तो दिखते हैं." त्यानंतर रोज संध्याकाळी काका त्या खुर्चीवर असायचे आणि गिऱ्हाइकांना कुठली डाळ घ्यावी ते सांगायचे. यात लालाजींचा धंदा वाढला की कमी झाला, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

यंदा लेकीची बदली झाली आणि तिघं नागपूरला गेली. परवा मी फोन केला. काकू बऱ्या आहेत, घर मोठं आहे, ओव्हन नवा घेतलाय. मी विचारलं, "काका, तिकडे काय काय तपासलंत?"

"काहीच नाही गं," ते म्हणाले. "दुकानदार सगळे नवे. अजून नीट ओळख नाही कुणाशी. एकदम संशय कसा घ्यायचा?"

"होईल हो ओळख," मी म्हटलं.

"होईल, होईल," काका म्हणाले. "समोरचा तेलवाला बरा वाटतोय."