उजव्या अंगाचं वारं

दिंद्रुडच्या कचरू उजगऱ्यांना राग लवकर येत नाही, पण आला की उतरत नाही. मागच्या रविवारी माजलगावच्या धरणावर चढलेला राग अजून तसाच आहे, आणि खरं सांगायचं तर तो उतरूच नये.

कचरूआबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. विहिरीतसुद्धा कधी न उतरलेल्या या माणसाला फौजेनं हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाची होडी शिकवली. तिथली एक गोष्ट ते आल्यागेल्याला सांगतात. शर्यत सुटायला मिनिटभर होतं आणि होड्या सुरुवातीच्या रेषेमागं घिरट्या घालत होत्या. आबांना वारं उजव्या अंगानं होतं. समोरून एक होडी डाव्या अंगाच्या वाऱ्यावर आडवी आली. नियम साधा आहे: उजव्या अंगाला वारं त्याचा हक्क, डाव्या अंगाला वारं त्यानं वाट सोडायची. आबा "स्टारबोर्ड!", म्हणजे उजवं अंग, म्हणून ओरडले आणि बघतात तर समोर कर्नलसाहेब. कर्नलनं मुकाट्यानं होडी वळवली. तरी जराशी घासलीच, म्हणून सगळ्यांदेखत नियमाप्रमाणं होडीला दंडाच्या दोन गिरक्याही घातल्या.

ज्या गावात पोळ्याला आधी मानाची जोडी, मग सगळं गाव आणि दिवेलागणीला उजगऱ्यांचे बैल वेशीतून जायचे, त्या गावच्या पोराला एका कर्नलनं वाट दिली होती. त्या दिवसापासून आबांनी पाण्यावर जीव टाकला.

निवृत्तीनंतर त्यांनी धरणावर पोरं जमवली. जुन्या होड्या आणल्या, फाटकी शिडं स्वतः शिवली. शर्यतीच्या निकालावर सही करायचा दाखला या भागात एकट्या त्यांच्याकडे आहे. क्लबचे अध्यक्ष मात्र राधाकिशनभाऊ, पोळ्याच्या मानाच्या जोडीच्या घरचे. त्यांचा पाण्याशी संबंध उद्घाटनाच्या नारळापुरता. पण अध्यक्ष कोण होणार, हे आपल्याकडे काय विचारायचं असतं?

रविवारी निवडीची शर्यत होती. पहिला येईल तो हैदराबादच्या शिबिराला जाणार, त्याच हुसेनसागरावर. आबांची नात वनिता आणि अध्यक्षांचा पुतण्या सुरज, दोघं तोडीस तोड.

शर्यत सुटायच्या चार मिनिटं आधी तयारीचा झेंडा चढला. झेंडा चढला की नियम लागू झाले, शर्यत सुटायची वाट ते बघत नाहीत. वीस सेकंद उरले तेव्हा वनिता उजव्या अंगाच्या वाऱ्यावर रेषेकडं येत होती. सुरज डाव्या अंगाच्या वाऱ्यावर थेट तिच्या अंगावर आला. ती दोनदा ओरडली. तो हलला नाही. हक्क असला तरी टक्कर टाळायची, हेही नियमातच आहे, म्हणून तिनं ऐनवेळी होडी वळवली आणि "प्रोटेस्ट!" म्हणून तक्रार पुकारली. तेवढ्यात शर्यत सुटल्याची शिट्टी झाली. सुरज सुटला, वनिता शीड फडफडवत मागं राहिली. शेवटी तो पहिला आला, ती दुसरी.

सुनावणी क्लबच्या खोलीत झाली. तक्रार नातीची, म्हणून आबा पंचाच्या खुर्चीवरून स्वतःहून उठले. आणि ज्याचा पुतण्या तक्रारीत अडकलेला, ते राधाकिशनभाऊ त्याच खुर्चीत येऊन बसले! लाज म्हणून काही असते की नाही?

"शिट्टी झालती का?" भाऊंनी वनिताला विचारलं.

"न्हाई, पर झेंडा चढलाता."

"शर्यत सुरूच झाली न्हवती, मंग नियम कशाचा? आन् हक्क तुजा व्हता तर वळलीस कावून? जो वळला तो चुकला."

"वळले नसते तर धडकलो असतो."

"पोळ्याला कुनाची जोडी आदी जाती, ठाऊक हाय ना? मान ठिवावा मानसानं." मग ते पुतण्याकडं वळले. "सुरज, हाक आयकू आलती का रे?"

"न्हाई," सुरज जमिनीकडं बघत म्हणाला.

झालं. तक्रार फेटाळली. म्हणजे जिनं नियम पाळला तीच चुकली, कारण तिनं नियम पाळला. दारात उभ्या आबांच्या अंगाची लाही लाही झाली. इथं पाण्यावरही वेस बांधली यांनी!

निकालाचा कागद आबांपुढं आला. "करा सही, हवालदार. पोरीला फुडल्या साली धाडू," भाऊ म्हणाले. "सही न्हाई केली तर हितून कुनीच जानार न्हाई. तुमची नातबी न्हाई."

आबांनी वनिताकडं पाहिलं. हुसेनसागराच्या गोष्टी ऐकत लहानाची मोठी झालेली पोर. तिचे डोळे भरले होते, पण आवाज सरळ होता.

"आबा, नका करू सही."

आबांनी पेन टेबलावर ठेवलं, शेजारी होड्यांच्या कुलपाच्या किल्ल्या ठेवल्या. "भाऊ, लबाडीखाली माजी सही न्हाई." एवढंच बोलून ते नातीला घेऊन बाहेर पडले.

धरणाच्या भिंतीपर्यंत आले तर मागून सुरज धावत आला. धापा टाकत म्हणाला, "आबा, मला आयकू आलती हाक. दोन्ही येळंस."

"मंग आत जा आन् सांग."

सुरजनं वळून बघितलं. खोलीतून काकाचं हसणं ऐकू येत होतं.

"काका लई रागावतेल, आबा."

"त्या कर्नलच्याबी वर साहेब होते, सुरज," आबा म्हणाले. "तरी त्यानं आदी होडी वळीवली."

सुरज तिथंच उभा राहिला. आबा आणि वनिता दिंद्रुडच्या जीपकडं चालू लागले.