सरळ कुठे, हे विसरणारी गाडी

१२ ऑगस्ट. आजचं काम: कारखान्यातून सुटल्यावर गाडी पुन्हा गॅरेजला दाखवणे. चार दिवसांत तिसऱ्यांदा.

माझ्या थोरल्या दिरांइतकी यंत्रांवर माया करणारा माणूस अख्ख्या पेडणे तालुक्यात नसेल. भावोजींनी तीस वर्षं डिचोलीच्या खाणीवर खनिजाचा ट्रक चालवला. अजूनही कुणाच्याही गाडीत बसण्याआधी ते तिच्याभोवती एक फेरी मारतात, चारही टायरांना लाथ घालतात आणि मगच दार उघडतात. भाचीच्या लग्नात त्यांनी फुलांनी सजवलेल्या गाडीलाही लाथा घातल्या, नवरदेव आत बसलेला असताना. दिवेलागणीला ते घरभर फिरून प्लग उपटतात: टीव्ही, मिक्सर, एकदा तर फ्रिज. सकाळी किलोभर बांगडे फेकावे लागले, तेव्हा म्हणाले, "दिसभर राबता गो तो. रातचो विसावो नको तेका?" डिचोलीला त्यांच्या सुनेने 'कशालाही हात लावू नका' म्हटलं, त्याच दिवशी बॅग भरून ते आमच्याकडे हळर्णला आले, गेल्या आठवड्यात.

चार दिवसांपूर्वी गाडी सुरू करताच घसरणाऱ्या गाडीचं चित्र असलेला पिवळा दिवा लागला, तो विझेना. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली की तिला सावरणारी यंत्रणा बंद आहे, असा त्याचा अर्थ. कारखान्याकडे जाणारा तुयेचा रस्ता सध्या लाल चिखलाने माखलेला. हळूहळू चालवत गॅरेज गाठलं. त्यांनी दिवा घालवला. दुसऱ्या सकाळी तो हजर. गाडीतलं घड्याळही रोज चुकीचं. मला रागापेक्षा नवलच जास्त वाटत होतं. रात्रीत हिला होतं तरी काय?

आज बेळगावकडचा मेकॅनिक म्हणाला, "मॅडम, रोज बॅटरी कोण काढतंय बगा. बॅटरी काढली की स्टिअरिंग सरळ कुठं, हेच ही गाडी विसरतीय. दोन्हीकडं पूर्ण फिरवा, थोडी सरळ चालवा, दिवा जाईल."

घरी येऊन पडद्याआड उभी राहिले. दिवेलागणीला भावोजी पाना घेऊन आले आणि बोनेट उघडलं.

"भावोजी, काय करतास?"

"बॅटरी सोडतंय, सकाळी परत जोडतंय. रातची कित्याक जळत ऱ्हवात?"

मी सगळं सरळ सांगून टाकलं.

"म्हणजे मियाच बिघडयलंय?" एवढंच म्हणून ते आत गेले. थोड्या वेळाने पाहते तर कपडे बॅगेत जात होते.

ही सवय कुठली, मी दारातूनच विचारलं. खाण बंद पडल्यावर त्यांचा स्वतःचा ट्रक तीन वर्षं अंगणात उभा होता. रोज संध्याकाळी बॅटरी सोडायची, रोज सकाळी जोडायची. "सकाळी बोलावणा इला तर ट्रक एका चावयेत सुरू जावक व्हयो." बोलावणं आलं नाही. ट्रक विकला. हे सांगताना ते शर्टाची घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

"ती बॅग ठेवा आधी," मी म्हटलं. "फ्रिजाक हात लावूचो नाय. गाडयेची बॅटरी खुशाल सोडा, पण सकाळी जोडून, दिवो घालवन गाडी माझ्या ताब्यात देवची. जमतला?"

हातातला शर्ट त्यांनी बॅगेऐवजी खाटेवर ठेवला. मग म्हणाले, "किती वाजता व्हयी?"

१३ ऑगस्ट. सव्वासातला चावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवलं आणि गाडी शेतांमधल्या सरळ रस्त्याला लावली. दिवा शंभर पावलांतच विझला असणार. गाडी मात्र पुढे जात राहिली आणि वळणाआड दिसेनाशी झाली. मी डबा अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवला आणि कारखान्यात फोन करून सांगितलं, आज थोडा उशीर होईल.