आधी कागद, मग कापड

कात्री हातात घेतली की मास्तर म्हणायचे, "आधी कागद, मग कापड." गिऱ्हाईक घाईत असो, रेल्वेचा साहेब असो, साधं परकराचं काम असो, ते आधी जुन्या कागदावर माप काढायचे, कागद कापायचे, तो कापडावर ठेवून खडूची रेघ मारायचे आणि मगच कात्री चालवायचे. असे शिंपी तुम्हीही पाहिले असतील. पण कागद कापताना यांच्यासारखा श्वास रोखून धरणारा मी दुसरा पाहिला नाही.

दौंडला आमच्या रेल्वे कॉलनीच्या फाटकाबाहेर त्यांचं दुकान होतं. माझ्या शाळेचे गणवेश तिथेच शिवले जात. मी बोलायची कमी, म्हणून आई मला एकटीला पाठवायची. नको ते शिवून घेण्याची माझ्यात हिंमत नाही याची तिला खात्री होती.

त्या वर्षांत कॉलनीतली गोरी कुटुंबं एकेक करून विलायतेला, ऑस्ट्रेलियाला निघून चालली होती. त्यांची रद्दी मास्तर घ्यायचे. कागद जाड आणि गुळगुळीत असायचा, कापायला चांगला. त्या रद्दीत रंगीत चित्रांची इंग्रजी पुस्तकं यायची. घट्ट कपडे घातलेले, पाठीवर झगा सोडलेले वीर त्यांत इमारतींवरून उडायचे आणि एकमेकांना भिंतीवर आपटायचे. मास्तरांना इंग्रजी येत नव्हतं, पण कापायच्या आधी प्रत्येक पान ते नीट बघायचे.

"बेटी, ह्याची चड्डी पाटलोणीवरनं का?"

"माहीत नाही, मास्तर. सगळ्यांची तशीच असते."

"म्हंजी शिंपी एकच हाय. आन् येडा हाय."

एकदा त्यांनी एक पुस्तक माझ्यासमोर ठेवलं. त्यात दोन वीर होते. पिवळा उडायचा, जांभळा भिंतीतून आरपार जायचा. एरवी त्यांची पुस्तकं वेगवेगळी. या एकाच पुस्तकात दोघं समोरासमोर आले होते आणि पानोपानी मारामारी चालली होती. पूल तुटला, घड्याळाचा मनोरा पडला, पिवळ्याच्या ओठातून रक्त आलं.

"भाऊ हायेत," मास्तर म्हणाले.

"कशावरून?"

"परका असता तर एक ठोसा देऊन निघून गेला असता. ह्यो बघ, मारतोय आन् त्याच्याच तोंडाकडं बघतोय."

मी वाचून पाहिलं. "भाऊ नाहीत. मेव्हणे आहेत. जांभळ्याची बायको ही पिवळ्याची बहीण. तिच्यावरूनच भांडण आहे."

"मग मी काय म्हणलं? घरचेच."

पुढच्या पानावर ती बहीण दोघांच्या मध्ये हात पसरून उभी होती. मास्तरांनी पान उलटलं नाही. "आमची अम्मी अशीच हुबी ऱ्हायली हुती," ते म्हणाले. "हाताला पीठ तसंच."

त्यांचा धाकटा भाऊ शिरूरला, ते घोडनदीच म्हणायचे, शिंपीकाम करतो एवढं मला ठाऊक होतं. बाकीचं त्या दिवशी कळलं. दोघं याच दुकानात एकत्र बसत. धाकट्याने एका ड्रायव्हरच्या गरम कोटाचं कापड कागदाशिवाय कापलं आणि कॉलर बिघडवली. मास्तरांनी गिऱ्हाइकांसमोर लाकडी गज त्याच्या डोक्यात घातला. भुवई फाटली. अम्मी मध्ये आली तोवर दुसरा वार बसला होता. संध्याकाळच्या गाडीने धाकटा गेला, तो परत आला नाही. अम्मीच्या मयतीला दोघं शेजारी उभे राहिले, बोलले नाहीत.

"मग आता?"

"आता काय? दर ईदला त्याच्या सदऱ्याच्या कॉलरचा कागद कापून पाठवतो, एस्टीच्या ड्रायव्हरबरोबर. त्याचंच माप. माणसाचा गळा काय बदलतो व्हय?"

"चिठ्ठी लिहिता सोबत?"

"कागद जातोय की. बोलायचं काय त्यात?"

हे त्यांनी इतक्या ठामपणे सांगितलं की एरवी मी गप्प बसले असते. पण गणवेश अजून व्हायचा होता आणि दुकानात आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "मास्तर, कॉलरीवरूनच मारलंत ना? मग दर वर्षी कॉलरच पाठवली तर त्यांना टोमणा नाही का वाटणार? 'तुला अजून कापता येत नाही' असा?"

मास्तरांनी मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. मग पुस्तक उचलून त्यांनी शेवटापर्यंत उलटलं. शेवटचं पान नव्हतं.

"हे गेल्या ईदला कापलं," ते म्हणाले. "ह्या दोघांचं शेवटी काय झालं, ते घोडनदीला हाय."

"जाऊ द्या मास्तर. शेवटी समेटच होतो अशा पुस्तकांत."

"तू वाचलंस?"

"नाही."

"मग?" त्यांनी टोपी घातली. "तुझा फ्रॉक परवा घे."

ते दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने गेले. पानासाठी चाललोय, असं त्यांनी शेजारच्या चहावाल्यालाही सांगितलं होतं. ठरल्या दिवशी दुकान बंद होतं, त्यानंतरच्या दिवशीही. उघडलं तेव्हा मास्तर नेहमीसारखे मशीनवर होते आणि माझ्या फ्रॉकवर एक कागदाची वाकडी पट्टी ठेवलेली होती.

"वाच शेवट."

पट्टी कॉलरीच्या आकाराची. पानाच्या मधोमध कात्री फिरली होती. डोकी वर राहिली, पाय खाली गेले, लिहिलेलं सगळं कापलं गेलं. उरली पिवळी छाती, जांभळी छाती आणि मध्ये एक हात. तो हात खांद्यावर होता की गळ्यावर, ते कळत नव्हतं.

"सांगता येत नाही, मास्तर."

"खांद्यावर हाय," मास्तर म्हणाले.

भाऊ काय म्हणाला, हे विचारायला मला धीर करावा लागला. मास्तर दोरा दाताने तोडत म्हणाले, "जेवायला वाढलं. मग म्हणला, भाईजान, कॉलर मला कवाचीच जमतीय. पयल्या साली कागद बघून चुलीत घालणार हुतो." ते हसले. "सगळे खिळ्याला लावल्यात. एकबी वापरला न्हाई."

"मग आता नका पाठवू."

"मी तेच म्हणलं. तर म्हणतो, न्हाई, कागद येऊ द्या." फ्रॉकची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. "पण लई लठ्ठ झालाय. गळा बदललाय त्याचा. मी खोटं बोललो तुला."

त्यानंतर ते आणखी काही वर्षं शिवत होते. ईदच्या आसपास मी आणलेल्या रद्दीतलं एखादं मारामारीचं पान ते बाजूला काढून ठेवायचे. मी कॉलेजला पुण्याला गेले तरी सुट्टीत माझे ब्लाउज त्यांनीच शिवले, आणि प्रत्येक वेळी मला अर्ध्या पुस्तकाची गोष्ट सांगावी लागली.

ते गेले रमजानमध्ये. मी समाचाराला गेले तेव्हा दुकान उघडं होतं आणि आत एक जाडजूड गृहस्थ उभे होते. डाव्या भुवईवर पांढरी रेघ होती. त्यांनी मला ओळखायचं कारण नव्हतं, तरी म्हणाले, "तुम्हीच का त्या पान वाचणाऱ्या?"

मी मान हलवली.

"ह्या सालचा कागद कापला हुता का त्यांनी, काय म्हाईत हाय?"

मला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून शोधला. खण, पेटी, रद्दीचा गठ्ठा. शेवटी मीच मशीनमागच्या खिळ्याकडे बोट केलं. तिथे एक रंगीत पट्टी लटकत होती, कापून तयार.

त्यांनी ती खाली काढली, भिंतीवरच्या आरशासमोर गेले आणि स्वतःच्या गळ्याभोवती धरली. दोन्ही टोकं पुढे बरोबर जुळली. ती तशीच धरून ते आरशात बघत उभे राहिले. मी बाहेर येऊन चपला घातल्या, तरी त्यांचे हात गळ्याशीच होते.